शनीच्या चंद्रावरचा पट्टाभिषेक

बासष्टच्या फेब्रुवारीतल्या स्पर्धेत वैद्यनाथअण्णा हरले. शेवटच्या प्रश्नाला हरले, चारचौघांसमोर हरले, आणि निकाल मीच मोठ्यानं सांगितला.

हे एकदा लिहून झालं. आता ते पुसलं असं समजावं. त्या रविवारी तंजावुरात कसलीही स्पर्धा झाली नाही. मी कुणाला प्रश्न विचारले नाहीत, गुरुमूर्तीच्या हातात मासिक नव्हतं आणि राजमक्का दाराशी उभी नव्हती. आमच्या सभेचं अधिकृत म्हणणं हेच आहे, आणि सभेचा चिटणीस मीच असल्यामुळे मला ते पाळावं लागतं. फक्त ती कशी झाली नाही, तेवढं नीट सांगतो.

सभेचं नाव ग्रहांतर-कथा सभा. राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्या घराची तिण्णै, म्हणजे रस्त्याच्या अंगाचा ओटा, हेच तिचं सभागृह. माझे पूर्वज म्हणे राजांच्या हत्तींवर देखरेख करत. पुढे हत्ती गेले, राजे गेले, आणि नुसतं बघत बसण्याची सवय तेवढी घराण्यात राहिली. माझं नाव तुळजाजी. तेव्हा मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षात मुक्काम करून होतो.

अमेरिकेत न खपलेली विज्ञानकथांची मासिकं रद्दी म्हणून बोटीनं मद्रासला येत. तिथून गठ्ठ्यांनी आमच्या बसस्टँडजवळच्या रद्दीवाल्याकडे. तो त्यांत शेंगदाणे बांधायचा. शेंगदाण्यांच्या आधी पोचायचं, हे आमच्या सभेचं मुख्य कार्य. दुसरं कार्य म्हणजे वाचलेल्यावर एकमेकांना प्रश्न विचारणं. शुक्रावरच्या माणसांना घाम येतो का? येतो, हिरवा, पण फक्त खोटं बोलताना. दोन डोक्यांचा इंजिनियर झोपताना कुठलं डोकं आधी मिटतो? डावं, कारण उजवं पहाऱ्यावर असतं. असे प्रश्न आम्ही अत्यंत गंभीरपणे विचारत होतो, आणि उत्तर चुकलं तर माणूस दोन दिवस नीट जेवत नसे.

नियम एकच होता. छापलेलं तेच खरं. वाद झाला तर पान काढायचं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, की विषय संपला.

हा नियम गुरुमूर्तीचा. गुरुमूर्ती कचेरीत नकला तपासायच्या टेबलावर होता. मूळ कागद डाव्या हाताला, नक्कल उजव्या हाताला, ओळीवर बोट. दोन्ही जुळले की ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून खाली सही. दिवसभर तो हेच करायचा आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन तेच करायचा. त्याच्या हातून न जुळणारा स्वल्पविराम कधी सुटला नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्या बायकोचंही तेच म्हणणं होतं, पण तिचा सूर वेगळा होता.

जो वर्षाची स्पर्धा जिंकेल त्याला नवा गठ्ठा प्रथम घरी न्यायचा मान. सभा सुरू झाल्यापासून हा मान वैद्यनाथअण्णांकडे होता. ते कॉलेजात फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर होते. एकदा वाचलेलं पान त्यांच्या डोक्यात तसंच्या तसं राहायचं, कोपऱ्यातल्या जाहिरातीसकट. मग डोळ्यांमागची नस वाळत चालली. तिरुच्चीच्या डॉक्टरनं तपासलं, मद्रासच्या डॉक्टरनं तपासलं, दोघांचं मत जुळलं. साठच्या पावसाळ्यापर्यंत त्यांना दिवा लागलेला आणि विझलेला एवढाच फरक कळत होता. पुढे तोही कळेनासा झाला. नोकरी सुटली. गठ्ठ्याचा मान तेवढा राहिला.

गठ्ठा वाचून दाखवायची त्यांची धाकटी बहीण, राजम. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. माझ्याहून मोठी, म्हणून मी राजमक्का म्हणायचो. दिवेलागणीच्या आधी ती कूडात, म्हणजे मधल्या खोलीत, बसायची. शेजारी अण्णा, समोर त्यांच्या आई वाती वळत. आईंना इंग्रजी येत नव्हतं, आणि त्यांच्यासमोर त्यांना न कळणारं मोठ्यानं वाचायचं हे त्या घरात बसत नव्हतं. म्हणून राजमक्का इंग्रजी पानावर नजर ठेवून आमच्या घरच्या मराठीत वाचायची, मधेमधे तमिळ येईल तशी. त्या मराठीत मंगळावरची माणसंसुद्धा आमच्याच नात्यातली वाटायची.

एकसष्टच्या मार्गशीर्षात मी नवा गठ्ठा पोचवायला गेलो, तेव्हा वाचन चालू होतं. आईंनी हातानंच बस म्हटलं. गोष्ट माझी वाचलेली होती. शनीच्या एका चंद्रावर दीपगृह आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना खडक दिसावेत म्हणून तिथं एक रखवालदार दिवा तेवता ठेवतो. एके दिवशी निरोप येतो की आता इकडून यानं जाणार नाहीत आणि तुला न्यायलाही कुणी येणार नाही. तो दिवा पुसतो, पेटवतो, आपली हवा संपेपर्यंत पेटवत राहतो. शेवटी खोलीत माणूस नसतो, नुसता दिवा असतो. मला ती आवडली होती. आठवडाभर मी कुणाशी विनोद केला नव्हता.

राजमक्का शेवटाकडे आली. मी खाली बघत बसलो.

“आणि मग,” ती म्हणाली, “लांबून यान आलं. रखवालदाराला घेतलं आणि थेट घरी आणलं. परसात विहीर होती. त्याला तेल लावून न्हाऊ घातलं, शिकेकाई लावून. जरीकाठाची वेष्टी नेसवली. सिंहासनावर बसवलं. दोन्ही बाजूंनी चवऱ्या, वर पांढरं छत्र. तवील, नागस्वर वाजले. गावजेवण झालं.”

आईंनी वाती ताटलीत ठेवून हात जोडले. अण्णा स्वस्थ बसले होते. राजमक्कानं मासिक मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

दाराशी पोचवायला आली तेव्हा तिनंच विषय काढला.

“तू ही वाचलीयस.”

“होय, अक्का.”

“मग म्हण काय म्हणायचं ते.”

“शनीवर छत्र पांढरं दिसेल का, एवढीच शंका होती.”

ती हसली नाही. “पहिली गोष्ट जशी आहे तशी वाचली. त्यात शेवटी सगळे मेले. आईच्या हातातली वात तशीच राहिली. म्हणाली, दिवा लावायच्या वेळेला माणसं मारून पुस्तक मिटतेस? आपल्याकडे रामायणाची पोथीसुद्धा पट्टाभिषेकाला, राम राज्यावर बसला की, थांबवतात. पुढचं कांड आहे, सगळ्यांना माहीत आहे, पण घरात कुणी वाचत नाही. मग मी त्यांना राज्यावर बसवून टाकलं.”

“सगळ्यांना?”

“जे जे मेले त्यांना.”

“एकात पृथ्वीच फुटते.”

“तिलाही बसवलं,” राजमक्का म्हणाली. “अवघड गेलं.”

मी चपला घातल्या. “अण्णांना कळलं तर?”

“त्यालाच मी भिते रे.” तिनं आत पाहिलं, आवाज उतरवला. “वर्तमानपत्र मी वाचते. डॉक्टरचा कागद मी वाचते. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी मी वाचते. एका ठिकाणी बहीण खोटं वाचते असं कळलं, तर बाटलीवरचं तो कसं खरं मानेल? त्याला दुसरे डोळे कुठून आणू?”

मी म्हटलं, सरी. तंजावुरात सरी म्हटलं की कबूल झालं असं धरतात. मी कबूल झालो होतो.

पुढची स्पर्धा फेब्रुवारीत होती. त्या वर्षी आठ ग्रह एका राशीत येणार होते, अष्टग्रह. देशभर होम चालू होते. आमच्या मोठ्या देवळातही माणसं मावत नव्हती. जोश्यांनी सांगितलं होतं की रविवारी जग बुडेल. ग्रह हा आमच्या सभेच्या अखत्यारीतला विषय असल्यामुळे आम्ही सभा घेऊन विचार केला आणि स्पर्धा रविवारीच, पण सकाळी ठेवली. जग बुडायचंच झालं तर निकाल आधी लागलेला बरा, असं गुरुमूर्ती म्हणाला. तो हे थट्टेत म्हणाला नाही. त्याला थट्टा येत नाही.

प्रश्न काढायचे माझ्याकडे होते. मी रात्रंदिवस एकच काळजी केली. शेवटावर एकही प्रश्न नको. रखवालदाराच्या टोपीचा रंग विचारला, दोन डोक्यांच्या इंजिनियरचा पगार विचारला, एका कथेत तर शीर्षकाखालच्या चित्रात खिडक्या किती हे विचारलं. अण्णांनी सगळी उत्तरं दिली. गुरुमूर्तीनंही दिली. बाकीचे कापी, म्हणजे आमच्याकडची कॉफी, पिऊन आधीच बाद झाले होते आणि आता शांतपणे मोठ्या देवळाच्या दिशेचा धूर बघत होते.

“चिटणीस,” गुरुमूर्ती म्हणाला, “माझी हरकत नोंदवा. सगळे प्रश्न पहिल्या पानांवरचे आहेत. गोष्टी पुढेही असतात.”

“वेळ कमी आहे,” मी म्हटलं. “संध्याकाळी जग बुडायचंय.”

“ते सहा वाजता. आता साडेनऊ झालेत.”

दोघं बरोबरीत राहिले की एकमेकांना एकेक प्रश्न विचारायचा, असा आमचा रिवाज होता. आधी अण्णांनी विचारला. बुधावरच्या तुरुंगात कैद्यांना उपासाच्या दिवशी काय देत? गुरुमूर्तीनं ओळीवर बोट ठेवल्यासारखं सांगितलं. मग त्यानं घसा साफ केला.

“शनीच्या चंद्रावरचं दीपगृह. शेवटी रखवालदाराचं काय होतं?”

अण्णांना राजमक्कानंच हात धरून आणलं होतं. ती घराच्या दाराशी, उंबऱ्याच्या आत, माझ्या आईजवळ उभी होती. मी तिकडे पाहिलं नाही. पाहायला नको होतं म्हणून नाही, पाहवलं नसतं म्हणून.

अण्णा लगेच बोलले नाहीत. त्यांना कधी वेळ लागत नसे. त्यांनी मान थोडी दाराकडे वळवली, जणू तिकडून काही वाऱ्यावर येतंय. मग नेहमीच्या आवाजात, प्रयोगशाळेत मुलांना सांगतात तसं, सांगितलं.

“यान येतं. त्याला घरी नेतं. तेल लावून न्हाऊ घालतात, जरीकाठाची वेष्टी नेसवतात, सिंहासनावर बसवतात. दोन्ही बाजूंना चवऱ्या, वर पांढरं छत्र. तवील, नागस्वर. गावजेवण.”

कापीवाल्यांतला एकजण हसला आणि मधेच थांबला, कारण बाकी कुणी हसत नव्हतं. गुरुमूर्तीनं मासिक आधीच उघडून माझ्यापुढे धरलं होतं. पानावर नुसता दिवा होता. माणूस नव्हता. मी दहा वेळा वाचलेलं पान, सवयीनं नजर तिथं गेली, आणि सवयीनंच तोंडातून निघून गेलं, “चूक.”

मोठ्या देवळातले मंत्र गल्लीपर्यंत ऐकू येत होते.

“नियमाप्रमाणे,” गुरुमूर्ती म्हणाला, “पान वाचतो.”

त्याला काही माहीत नव्हतं, हे इथं लिहून ठेवायला हवं. त्यानं मासिक डाव्या हातात घेतलं, बोट ओळीवर ठेवलं, आणि वाचायच्या आधी, सभ्य माणूस पाहतो तसं, एकदा समोर पाहिलं. दारात राजमक्का होती. ती विनवत नव्हती. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते, उंचावरून भांडं निसटल्यावर आवाज येईपर्यंत माणूस मिटतो तसे.

गुरुमूर्ती अशा गोष्टींत मंद आहे. पण मूळ आणि नक्कल यांत फरक दिसला की तो कुणाच्या हातचा, हे शोधण्यात त्याची हयात गेली होती. त्यानं पानाकडे पाहिलं. अण्णांकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. बोट ओळीवर तसंच होतं. मग तो कचेरीच्या इंग्रजीत वाचू लागला; मराठीत ते असं होतं.

“‘येणेप्रमाणे दिव्याची पाहणी चालू असता, सदर रखवालदारास नेण्याकरिता यान हजर झाले. सदर इसम स्वगृही सुखरूप पोचला. त्यास तैलस्नान घालण्यात आले. तदनंतर त्यास सिंहासनावर बसविण्यात आले. छत्र...’” तो थांबला. कपाळावरचा घाम कानाशी आला होता. “‘छत्र धरण्यात आले. रंग पांढरा. वाद्ये वाजविण्यात आली. उपस्थितांस भोजन देण्यात आले.’”

आणि सवयीनं, मासिक मिटता मिटता, म्हणाला, “खरी नक्कल.”

राजमक्का आत निघून गेली. माझी आई तिच्यामागून पाण्याचा पेला घेऊन गेली. अण्णा मांडीवर हात ठेवून बसून होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंदही नव्हता, समाधानही नव्हतं. दुकानात वस्तू ठरवून घेतली आणि घरी आल्यावर पिशवीत दुसरीच निघाली, तसं काहीतरी होतं.

“मी हरलो,” गुरुमूर्ती म्हणाला. मासिक ओट्यावर ठेवून तो उठला आणि होम बघायला गेला. तो होम-बीम मानणारा नव्हता.

संध्याकाळी सहा वाजता जग बुडालं नाही. गल्लीतली माणसं थोडा वेळ रस्त्यावर उभी राहिली आणि मग आपापल्या घरी परतली.

दुसऱ्या दिवशी राजमक्का शाळेत असताना अण्णांनी मला बोलावून घेतलं.

“तुळजा, गुरुमूर्तीनं तो पट्टाभिषेक कुठून आणला?”

“पानावरच होता, अण्णा.”

“असं?” ते म्हणाले. “मग माझ्या वेळचं पान वेगळं असणार. ती गोष्ट मी कॉलेजात असताना वाचली होती. डोळे होते तेव्हा. तेच मासिक, दुसऱ्या गठ्ठ्यात आलं होतं.”

मी कालचा प्रश्न मनात पुन्हा विचारून पाहिला.

“म्हणजे तुम्हाला उत्तर येत होतं.”

“राजम दाराशी होती.”

“होय.”

“खरं सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की मला कळतंय. मग ती थांबली असती. उद्यापासून जसं छापलंय तसं वाचलं असतं, मान खाली घालून.” त्यांनी औषधाची बाटली हातानं चाचपून सरळ केली. “छापलेलं काय, मला पुष्कळ पाठ आहे. ती शेवटाकडे आली की पान उलटायचं थांबते. कागदाचा आवाज येत नाही. नुसता तिचा आवाज येतो, आणि आईच्या वाती थांबतात. मी दिवसभर त्याची वाट बघतो. हे माझं तुला सांगून झालं. तिला सांगायचं नाही.”

“सरी.”

“मी हरायचं ठरवून आलो होतो रे, कधी ना कधी कुणी शेवट विचारणारच होतं. आणि त्या शहाण्यानं माझी हार घालवली. आता मी जिंकलो तर ते खोट्या कागदावर. तो हरला तर तेही खोट्या कागदावर. काय करतोस?”

मी चिटणीस होतो. संध्याकाळी गुरुमूर्तीच्या घरी गेलो. तो जेवायला बसला होता आणि जेवत नव्हता.

“कचेरीत असं केलं असतं तर निलंबित झालो असतो,” तो म्हणाला. “योग्यच झालं असतं.”

“गुरुमूर्ती, स्पर्धा झालीच नाही असं धरलं तर?”

त्यानं बराच विचार केला. भातावरचं तूप गोठलं. “मूळच नसेल,” तो शेवटी म्हणाला, “तर नकलेचा प्रश्न उद्भवत नाही.” आणि जेवू लागला.

अशा रीतीनं ती झाली नाही. गठ्ठ्याचा मान आधीच्या वर्षीच्या विजेत्याकडे राहिला. दिवेलागणीला वाचन चालू राहिलं. त्या वर्षात गुरूजवळ भरकटलेली एक पलटण, समुद्राखाली बुडालेलं एक शहर आणि बुद्धीनं वेडा झालेला एक यंत्रमानव, असे सगळे ओळीनं राज्यावर बसले. यंत्रमानवाला तेल लावताना राजमक्का जरा अडखळली, पण आईंनी सुचवलं की खोबरेल लावलं तर गंजणार नाही.

हे असंच चाललं असतं. पण चौसष्टच्या जूनमध्ये राजमक्काची बदली झाली. ओरत्तनाडूच्या सरकारी शाळेत, आणि वर मुलींच्या वसतिगृहाची देखरेखही तिच्याकडे. ओरत्तनाडू काही शनीवर नाही. बस जाते. पण वसतिगृहावर रात्री राहावंच लागतं, म्हणून ती शनिवारी यायची आणि रविवारी संध्याकाळी, नेमकी दिवेलागणीलाच, बस धरायची.

मधल्या दिवसांत वाचायला गुरुमूर्ती जाऊ लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कचेरी सुटली की सायकल त्यांच्या दाराशी लावायचा. तो जसं आहे तसं वाचायचा, ओळीवर बोट ठेवून, आणि शेवट जवळ आला की अण्णाच म्हणायचे, “बस कर. राहिलेलं राजम वाचेल.” गुरुमूर्ती खूण म्हणून तिथं वात ठेवायचा. मासिकांतून वाती लोंबायला लागल्या.

श्रावणात एक लांबलचक क्रमशः कादंबरी सुरू केली. एक कॅप्टन, त्याचं यान मोडलेलं, सूर्यमालेच्या पार बाहेरच्या अंधारात. दोन अंक गठ्ठ्यात होते. तिसरा नव्हता. रद्दीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, त्यात शेंगदाणे गेले. गुरुमूर्तीनं दुसरा अंक संपवला, अण्णांनी मान हलवली, आणि सगळे शनिवारची वाट बघत बसले.

त्या शनिवारी वसतिगृहात गालफुगी निघाली. राजमक्का आली नाही. पुढच्या शनिवारी आणखी मुली आजारी. मग परीक्षा. मग नवी वॉर्डन येईपर्यंत थांबा असा हुकूम. आई दिवेलागणीला वाती वळायच्या आणि ताटली भरली की ठेवून द्यायच्या. लावायचा दिवा एकच होता. अण्णा समोर बसायचे. औषध वेळेवर घ्यायचे. कुणी वाचायला घेतलं तर हातानं थांबवायचे.

“आज नको,” म्हणायचे. “आधीचा अजून बाहेरच आहे.”

एकदा मी धीर करून म्हटलं, “अण्णा, मी बसवू का त्याला राज्यावर? मला येतं. विनोद घालणार नाही.”

“तू घालशील,” ते म्हणाले. “आणि मी हसेन. मग तो पोचायचा राहूनच जाईल.”

राजमक्कानं स्वतः बदलीसाठी दोनदा अर्ज केला होता. घरी अंध भाऊ, वृद्ध आई. दोन्ही अर्ज परत आले, कारण पुरेसे नाही. गुरुमूर्तीनं ते नीट तपासले आणि त्याचं मत पडलं की चूक खात्याची नाही, मसुद्याची आहे. असली कारणं प्रत्येक अर्जात असतात. अर्जात कारण नेमकं हवं आणि खरं हवं. म्हणून तिसरा अर्ज सभेच्या वतीनं मी लिहिला. वरचं इंग्रजी गुरुमूर्तीचं, मजकूर माझा. अण्णांना दाखवला नाही. पाठवून दीड वर्ष झालं, उत्तर नाही. मराठीत तो असा होतो:

मा. शिक्षण अधिकारी साहेब यांचे सेवेशी,

विषय: ओरत्तनाडू येथील गणित शिक्षिका व वसतिगृह वॉर्डन कु. राजम यांची तंजावूर येथे बदली होण्याबाबत.

महोदय,

सूर्यमालेबाहेर मोडलेल्या यानात एक कॅप्टन गेल्या श्रावणापासून अडकून आहेत. त्यांना घरी पोचवून, तैलस्नान घालून, सिंहासनावर बसविण्याचे काम सदर शिक्षिकेखेरीज अन्य कोणास येत नाही. अन्य कर्मचाऱ्यांनी प्रयत्न करून पाहिला आहे. कॅप्टनांच्या यानातील हवा मर्यादित आहे. ते पोचल्याशिवाय येथील एका इसमास पुढील काहीही ऐकता येत नाही.

तरी सदर शिक्षिकेस तंजावूर येथे तातडीने परत नेमावे. प्रशासकीय कारणास्तव तसे करणे शक्य नसल्यास, सदर कॅप्टनांस कोणत्याही दिवशी, मात्र दिवेलागणीपूर्वी, आमच्या गल्लीपर्यंत सुखरूप पोचविण्याची व्यवस्था खात्याने स्वखर्चाने करावी, ही नम्र विनंती.